ऱ्ह

तौसिफ म्हणाला, आधी बॅकअप, मग अपडेट.
उलटं केलंत तर मला फोन करू नका.
लॅमिंग्टन रोडवरून आणलेली डिस्क
त्याने खिशातून काढली, चुन्याच्या डबीएवढी,
आणि किंमत न सांगता टेबलावर ठेवली.

ठाकुरद्वारच्या या पोटमाळ्यावर
सव्वीस वर्षं मी लोकांची लग्नं लावते आहे:
आठ पॉइंटमध्ये पत्ता, चोवीसमध्ये वधूवर,
वर गणपती, तोच, सोंड फक्त कधी डावी कधी उजवी.
शिवाय मुंजी, वास्तुशांती, सोसायटीच्या नोटिसा,
आणि उत्तरकार्याची कार्डं,
जी लोक उभ्याउभ्या घेऊन जातात, प्रूफ न बघता.

निळा दिवा लागला.
उरलेला वेळ: दोन तास.
उरलेला वेळ: अकरा मिनिटं.
उरलेला वेळ: चार तास.
त्यालाच कळत नाही, तर मी कोण.

फोल्डर सरकतात.
फायनल. फायनल दोन. खरंच फायनल.
खामकर मुलगी. खामकर मुलगी, मोडलं.
खामकर मुलगी नवीन.

जुने फॉन्ट येतील का रे?
येतील, म्हणाला, चालतील असं नाही.
आणि त्याच्या लॅपटॉपवर एक पत्रिका उघडून दाखवली.
आमचे येथे श्रीकृपेकरून, तिथे
डॉलर, प्रश्नचिन्ह, टोपी घातलेला इंग्रजी ए,
डोक्यावर दोन ठिपके घेतलेला यू.
सगळं शाबूत आहे, म्हणाला,
फक्त वाचता येत नाही.

तिरोडकर पूर्वी खिळे जुळवायचे.
छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने
शिसं किलोवर विकलं,
अ ते ज्ञ, काना, मात्रा, सगळं एकाच पोत्यात.
तिरोडकरांनी एक खिळा उचलला, न बघता.
घरी जाऊन पाहिलं तर ऱ्ह.
म्हणाले, नशीब बघा. श्री नाही, ॐ नाही,
वर्षातून चारदा लागतो तो.

माझ्याकडे आले तेव्हा कॉम्प्युटरला हात लावत नव्हते.
मग गोऱ्ह्यांच्या मुलीची पत्रिका आली
आणि फॉन्टमध्ये ऱ्ह नव्हता.
र उडून ह च्या डोक्यावर बसायचा.
मुलीचे वडील म्हणाले, चालवून घेऊ.
तिरोडकर म्हणाले, आडनाव आहे, चालवून कसं घेता?
आठ दिवस, खिळा समोर ठेवून, माउसने,
जीभ ओठांबाहेर काढून त्यांनी अक्षर काढलं.
ह चं पोट जरा सुटलेलं. मी बोलले नाही.
तेव्हापासून आमच्याकडचे गोऱ्हे, कऱ्हाडे, बऱ्हाणपूरकर
सगळे त्या पोटाचे.

त्यांच्या स्वतःच्या कार्डात तो कुठेच येत नव्हता.
रात्री दहापर्यंत मी वाक्यं फिरवली.
मनमिळाऊ. कष्टाळू. हसतमुख.
तऱ्हेवाईक होते, असं काही छापता येत नाही.

शहाऐंशी हजार चारशे बारा वस्तू कॉपी झाल्या.
वस्तू, असंच लिहिलं होतं.
तौसिफ म्हणाला, आता दाबू?
थांब म्हटलं.
कोरं पान उघडलं, चारशे पॉइंट,
एक अक्षर, प्रिंट.
काळी शाई संपलेली. गुलाबी आला.

मग त्याने दाबलं, आणि आम्ही खाली चहाला गेलो.
कागद माझ्या हातात, ओला.
त्याने मान वाकडी करून पाहिलं.
हा शाळेत होता ना? म्हणाला. कुऱ्हाडीतला.
आणि बोटाने हवेत काढून दाखवला,
अर्धा र उलटा.

वर मशीन एकटं.
पडद्यावर:
कृपया बंद करू नका.